मागितलं एकानं, मिळालं दुसरीला

कुत्रा हवा होता तो थोरल्याला. दुसरीत असल्यापासून त्याचा हा धोशा. वाढदिवसाला काय हवं विचारलं की कुत्रा, गॅदरिंगमध्ये नंबर आला की कुत्रा, दाढ दुखली तरी कुत्रा. धाकटीला मात्र कुत्र्याचं नाव काढलं तरी घाम फुटायचा. बालवाडीत असताना गल्लीच्या तोंडाशी दोन कुत्री तिच्यामागे लागली होती. हातातला पाव टाकून ती पळाली, कुत्री पावापाशीच थांबली, पण ही घरापर्यंत किंचाळत आली. तेव्हापासून रस्त्यापलीकडे कुत्रं दिसलं तरी ती माझ्या ओढणीत शिरायची. त्यामुळे 'बहीण मोठी झाली की बघू' हे आमचं ठरलेलं उत्तर होतं.

मग एका हिवाळ्यात आमच्या घरामागच्या अर्धवट बांधकामावर, वाळूच्या ढिगात एक कुत्री व्याली. पाच पिल्लं. आमचं घर साताऱ्यात, मागच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. त्या महिनाभरात थोरल्याला मात्र खिडकीतून फक्त वाळूचा ढीगच दिसत होता. जानेवारी सरेपर्यंत चार नर पिल्लं लोकांनी उचलून नेली. राहिली ती मादी. मादी कोणी नेत नाही, 'पुढं पिल्लांचा ताप' म्हणतात. तिचा रंग अगदी खारकेचा, कपाळावर सुरकुती, एक कान उभा आणि एक पडलेला. शनिवारी नवरा पुण्याहून आला, त्यानं तिला बघितलं आणि म्हणाला, "आणू या. घरात आधीच कोण कुणाचं ऐकतंय!" सासूबाई म्हणाल्या, "दत्ताच्या पायाशी चार आहेत, तेवढे पुरेत मला." पण रंग बघून 'खारीक' हे नाव त्यांच्याच तोंडून निघालं आणि थोरल्यानं वर्षभर जपून ठेवलेलं 'थॉर' तिथंच मेलं. तो पहिला दिवस आणि त्याची पहिली हार.

पिल्लू तेव्हा नऊ आठवड्यांचं होतं. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये, हे मला माहीत होतं आणि त्यासाठी थोरल्याला मी महिनाभर थोपवून धरलं होतं. त्यापलीकडे मला फारसं काही माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात एक चित्र होतं: मुलगा धावतोय, पिल्लू मागे धावतंय, मुलगी हळूहळू भीती विसरून टाळ्या वाजवतेय. यातलं धावणं तेवढं खरं झालं.

थोरला पळायचा, खारीक मागे सुटायची, पोटरी गाठायची आणि धरायची. पिल्लाच्या दुधाच्या दातांना कोणी गंमत समजू नये. सुया असतात त्या, अठ्ठावीस सुया. तो ओरडायचा, हात झटकायचा, ती आणखी चेकाळायची. चार दिवसांत त्याच्या पायांवर ओरखड्यांची रांगोळी झाली. रक्त नाही, पण कातडी लाल. शिवाय तो तिला जिथं दिसेल तिथून उचलायचा. छातीशी धरायचा, गाल लावायचा, कानात बोलायचा. त्याचं प्रेम इतकं साठलं होतं की ते थांबतच नव्हतं. खारीक डोळ्यांचं पांढरं दाखवत, जीभ नाकावर फिरवत, त्याच्या हातात पोत्यासारखी लोंबायची. आम्ही फोटो काढायचो. तेव्हाचे ते फोटो आज बघताना लाज वाटते. पिल्लाचा चेहरा सरळ सरळ 'सोडा मला' म्हणतोय आणि आम्ही खाली बदाम टाकलेत.

धाकटी त्या चार दिवसांत जमिनीवर उतरलीच नाही म्हटलं तरी चालेल. सोफ्यावरून दिवाणावर, दिवाणावरून खुर्चीवर. शौचालयात जायचं तर मी कडेवर घेऊन. मला वाटलं, आपण लेकरावर अन्याय केला.

पाचव्या दिवशी लस टोचायला पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. सरकारी दवाखाना, आमच्या पुढं एक म्हैस आणि दोन शेळ्या. डॉक्टरांनी खारकेला तपासलं, पहिली लस टोचली, तीन-चार आठवड्यांनी पुढची आणि तीन महिन्यांची झाली की रेबीजची, असं कार्डावर लिहून दिलं. जंताचं औषध दर पंधरा दिवसांनी. मग त्यांची नजर थोरल्याच्या पोटऱ्यांवर गेली.

"काय रं, पळतोस का तिच्यापुढं?"

"हो."

"स्टॅच्यू खेळता का तुम्ही?"

थोरल्याला प्रश्न कळेना. डॉक्टर म्हणाले, "ती चावरली की स्टॅच्यू. हात काखेत, तोंड वर, बोलायचं नाही. झाड चावून मजा येत नाही कुत्र्याला. ती थांबली की मग खेळ." नंतर त्यांनी खारकेच्या मानेखाली हात फिरवला, मनात तीन मोजले आणि हात काढून घेतला. खारकेनं नाक पुढं करून हाताला ढुशी दिली. "हे बघ, ही म्हणतीय आणखी कर. ढुशी दिली नाही, तोंड फिरवलं, जांभई दिली, तर समजायचं बास. जांभई म्हणजे झोप नव्हं." झोपलेली असताना, जेवत असताना आणि स्वतःच्या जागेवर असताना हात लावायचा नाही, हे तिसरं. मुलांना चावणारं कुत्रं पुष्कळदा परकं नसतंच, घरचं किंवा ओळखीचंच असतं, हेही त्यांनीच सांगितलं. मला उद्देशून, मुलांना न ऐकू येईल अशा बेतानं.

स्टॅच्यू धाकटीला शिकवावा लागलाच नाही. ती पाच दिवस तेच तर करत होती.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी पोळ्या करत होते. धाकटी सोफ्यावर मांडी घालून पहिलीचं बालभारती मोठ्यानं वाचत होती, अक्षराअक्षराला अडखळत. हॉलमध्ये दुसरं कोणी नव्हतं. मध्येच आवाज थांबला म्हणून मी वाकून बघितलं. खारीक सोफ्याखाली आली होती आणि धाकटीची एक चप्पल उशाला घेऊन झोपली होती. धाकटीनं माझ्याकडे बघितलं, ओठांवर बोट ठेवलं आणि पुन्हा वाचायला लागली. या वेळी कुजबुजत. दुसऱ्या दिवशी तिनं एक पाय खाली सोडला. तिसऱ्या दिवशी खारकेनं त्या पायाचा अंगठा चाटला आणि पोरीनं श्वास धरून तो तसाच ठेवला. नंतर स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "आई, तिची जीभ गरम पुरीसारखी आहे."

जी तिच्याकडे बघत नव्हती, हाका मारत नव्हती, उचलत नव्हती, तिच्याकडे पिल्लू आपण होऊन गेलं. महिनाभरात खारीक धाकटीची सावली झाली. शाळेची रिक्षा यायच्या वेळी दाराशी जाऊन बसायची आणि रिक्षातून आधी उतरणाऱ्या थोरल्याला ओलांडून मागच्या दप्तराकडे धावायची. त्याचा चेहरा मी खिडकीतून बघायचे. बघवत नसे.

त्यातच तो रविवार आला. तो म्हणजे खारीक घरात आल्याला दोन आठवडे झाले असतील. थोरल्यानं कुत्रं दाखवायला दोन मित्र बोलावले. दुपारची वेळ, खारीक दिवाणाखाली सासूबाईंच्या जुन्या गोधडीवर गाढ झोपलेली. यानं हात घालून तिला कमरेला धरून बाहेर ओढलं. तिनं मान वळवली आणि अंगठ्याच्या बुडाशी दात रोवले. क्षणाचंच काम. दोन टिपके, आणि दोन्हीतून रक्त.

मी त्याचा हात नळाखाली धरला. साबण लावून, वाहत्या पाण्यात, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं किती मोठी असतात हे रडणारं पोर धरल्यावर कळतं. सासूबाई हळदीचा डबा घेऊन उभ्या. "भरू का?" म्हटलं, "काही नको आई, काहीच लावायचं नाही." मित्र केव्हाच पसार झाले होते. तशीच सिव्हिलला गेले. पिल्लाला रेबीजची लस झालेली नाही, त्याची आई रस्त्यावरची, आणि रक्त आलेलं, म्हणजे जखम तिसऱ्या, सगळ्यात गंभीर प्रकारात. दोन्ही दंडांवर कातडीत लस आणि वर जखमेच्या भोवती सीरम, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं. लशीचं त्याला काही वाटलं नाही. सीरमच्या सुया अंगठ्याभोवती गेल्या तेव्हा मात्र त्यानं माझा दंड असा चावला की माझ्याही अंगावर खुणा उमटल्या. मग तारखा मिळाल्या: आज, तिसरा दिवस, सातवा आणि अठ्ठाविसावा. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चौदा नाहीत? पोटात नाहीत?" त्यांच्या भावाला लहानपणी पोटात घेताना त्यांनी बघितलं होतं. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस आपल्याकडे कधीच बंद झाली, पण तिची दहशत त्या पिढीच्या मनातून गेलेली नाही. एका अर्थी बरंच आहे. निदान चावल्यावर दवाखान्यात जायला तरी ती माणसं टाळाटाळ करत नाहीत.

रात्री जेवताना थोरला म्हणाला, "मी काही केलं नव्हतं. ती उगाच चावली."

धाकटीनं वरणभातातून तोंड वर काढलं. "तिनं आधी गुर्र केलं होतं. मला ऐकू आलं. तू ऐकलं नाहीस."

कोणीच बोललं नाही. खरं सांगायचं तर त्या आधीच्या आठवड्यात खारीक एकदा खाताना गुरगुरली होती आणि मीच तिला वर्तमानपत्राची गुंडाळी करून दटावलं होतं. डॉक्टरांना फोनवर हे सांगितलं तर ते माझ्यावरच घसरले. "ताई, गुरगुरणं ही घंटा हाय. घंटा काढून घेतली तर पुढच्या वेळी ती न वाजवता चावंल."

थोरल्यानं भिंतीवरच्या कालनिर्णयवर चार तारखांना गोल केले आणि खारकेशी बोलणं बंद केलं. मारलं नाही, हाकललं नाही. नुसतं बंद. "तिचीच आहे ती," बहिणीकडे बोट दाखवून म्हणाला. दुसरीपासून ज्याच्यासाठी रडला ते घरात आलं, आणि त्याला ते नको झालं. मी समजावलं, त्याच्या बाबानं समजावलं, काही उपयोग झाला नाही. आम्ही समजावणं सोडलं. तेवढं एक शहाणपण आम्ही केलं.

इथं एक कबूल करते. 'मुलं जबाबदारी शिकतात' म्हणून कुत्रं आणणाऱ्यांनी ही आशा सोडावी. पहाटे सव्वापाचला हॉलमधली शी मी काढत होते. लशीचं कार्ड मी सांभाळत होते. अकरा चपला फाटल्या, गंमत म्हणजे त्यातल्या नऊ डाव्या, त्या मी टाकल्या. सासूबाईंनी सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे प्रेमानं तिच्यापुढं ठेवले तेव्हा झडप घालून मीच उचलले. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, कांदा-लसूण वाईट, चॉकलेट तर विषच. आपल्या घरात या सगळ्या गोष्टी टाळून कुत्र्याला काय घालायचं हा प्रश्न पहिला महिनाभर पडतो. भाकरी, अंडं, बिनकांद्याचं उकडलेलं चिकन आणि दहीभात यावर आमची गाडी रुळावर आली. आल्यागेल्याचा 'कुठली जात?' हा प्रश्न वेगळाच. 'गावठी' म्हटलं की समोरच्याचा चेहरा आपण पाहुण्याला बिनसाखरेचा चहा दिल्यासारखा होतो.

मे महिन्यात दोन गोष्टी झाल्या.

पहिली दातांची. धाकटीचा पुढचा दात हलत होता. खारीकही त्याच सुमारास पाच-साडेपाच महिन्यांची, जे दिसेल ते चावत सुटलेली. एके दिवशी गोधडी झटकताना तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी टपकन फरशीवर पडलं. धाकटीनं उचललं. "आई, हिचा पण पडला!" त्या दोघींचं नातं त्या दिवशी पक्कं झालं असं मला वाटतं. तिनं दिवसभर हिशेब केला: माणसाच्या पोराचे दुधाचे दात वीस आणि येणार बत्तीस, कुत्र्याच्या पिल्लाचे अठ्ठावीस आणि येणार बेचाळीस. "म्हणजे ती माझ्यापुढं आहे." आठवड्यात तिचाही पडला. दात उंदराच्या बिळात टाकावा म्हणजे उंदरासारखे बळकट येतात, असं सासूबाईंचं म्हणणं. बीळ सापडेना म्हणून दोन्ही दात कुंपणाच्या बुडाशी शेजारी शेजारी पुरले. जो दुधाचा दात थोरल्याच्या अंगठ्यात रुतला होता, तो यातलाच का, असं तिनं त्याला विचारलं. त्यानं पुरलेल्या जागेवर पायानं माती लोटली. पण तो तिथं आला होता, एवढं मी बघितलं.

दुसरी गोष्ट लपाछपीची. सुट्टीत त्याची आतेभावंडं आली होती. दुपारी बाहेर उन्हाचा कहर, त्यामुळे खेळ घरातच. थोरला लपण्यात पटाईत. त्या दिवशी तो माळ्यावर, पाहुण्यांच्या गाद्यांच्या मागे जाऊन बसला. राज्य असणाऱ्यानं सगळं घर पालथं घातलं. सगळे कंटाळून सरबत प्यायला बसले. खारीक मात्र जमिनीला नाक लावून पॅसेजमध्ये गेली, शिडीच्या पहिल्या पायरीवर पुढचे दोन पाय ठेवले, वर बघितलं आणि एकदाच भुंकली. वरून गाद्या हलल्या.

"चीटिंग!" असं ओरडत तो खाली आला, पण तोंडावर हसू होतं. तीन महिन्यांत ती त्याला शोधत पहिल्यांदा आली होती.

तोवर खेळ म्हणजे काय याची त्याची कल्पना व्हिडिओंमधून आलेली होती. चेंडू फेकायचा, कुत्र्यानं आणून द्यायचा. शेकहँड करायचा. खारीक चेंडूमागे जायची, तोंडात धरायची आणि कोपऱ्यात जाऊन निवांत त्याचं साल काढायची. आणून देणं हे तिच्या मते बहुधा नोकरांचं काम. शेकहँडसाठी तिचा पाय धरला की ती जांभई द्यायची, आणि जांभईचा अर्थ आता घरात सगळ्यांना माहीत होता. पण नाक लावून शोधणं हे तिचं स्वतःचं होतं. ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून थोरल्याला खूळ लागलं. आधी भाकरीचे तुकडे चार पेल्यांखाली. मग रिकाम्या खोक्यात चुरगळलेले कागद आणि त्यात अंड्याचा तुकडा. मग स्वतःचा मोजा बाबाच्या मोज्यांमध्ये. वहीत तो वेळ लिहायचा. खेळ सुरू करायच्या आधी ती पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून, बुड वर करून त्याच्यासमोर वाकायची, शेपूट गोल गोल. याचा अर्थ 'चल, खेळू' असा असतो. हे तो मला समजावून सांगायला लागला, जसं काही ते मला ठाऊकच नव्हतं. एक दिवस बघते तर हाही तिच्यासमोर तस्साच वाकलेला, कोपरं फरशीला, बुड वर. अकरा वर्षांचा घोडा. मी फोटो काढला नाही.

धाकटीशी आणि थोरल्याशी तिचं नातं वेगवेगळं राहिलं, ते आजही तसंच आहे. धाकटीशी ती शांत. शेजारी पडून राहायची, पुस्तक ऐकायची, केसांत नाक घालायची. थोरल्याशी ती कामाला आल्यासारखी. संध्याकाळी सातच्या सुमाराला अंगात आल्यासारखी सगळ्या घरातून भिरभिरायची तेव्हा धाकटी पाय वर घेऊन हसत बसते आणि थोरला मध्ये उभा राहून दोन्ही हात काखेत घालतो. तिचं येडं उतरेपर्यंत स्टॅच्यू.

पावसाळ्याच्या तोंडाला तिची नसबंदी केली. गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा, पोटाला टाके. दहा दिवस उड्या नाहीत, खेळ नाही. थोरला त्या दहा दिवसांत तिच्या गोधडीपासून हातभर अंतर ठेवून बसायचा. गोधडीवर एकदाही बसला नाही. तीन मोजेपर्यंत मानेखाली हात फिरवायचा आणि काढून घ्यायचा. ती भोंग्यासकट ढुशी द्यायची. भोंगा त्याच्या हनुवटीवर आपटायचा.

दिवाळीत मुलांनी नेहमीसारखा अंगणात किल्ला केला. पोत्यांवर माती लिंपली, अळीव पेरलं, चित्रं मांडली. खारकेनं पहिल्याच रात्री बालेकिल्ल्याच्या बाजूनं सुरुंग लावला आणि उकरलेल्या ओल्या खड्ड्यात वेटोळं करून झोपली. सकाळी दोन मावळे आणि एक तोफ तिच्या पोटाखाली. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार हा. थोरला कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत उभा राहिला. मग धाकटीला म्हणाला, "झोपलीय. उठवू नको. आपण तट तिकडून काढू."